विंडोज ११ : पडद्यावर थोडे, पडद्याआड बरेच

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. कार्यालयात आलेल्या कारकुनाने नेहमीप्रमाणे यंत्र सुरू केले, पतसंस्थेत खतावणी उघडली, घरातील मुलाने शाळेच्या प्रकल्पाची प्रत छापून घेतली. सारे आदल्या दिवसासारखेच चालले. तरीही त्या तारखेपासून असंख्य संगणकांची स्थिती बदलली. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी संपवली. त्याच्या दोन आठवडे आधी, ३० सप्टेंबर रोजी, विंडोज ११ची २५एच२ ही नवी आवृत्ती वितरित होऊ लागली होती.

जुनीचा निरोप आणि नवीचे आगमन असे लागोपाठ आल्यामुळे गोव्यातील घरांत, शाळांत, दुकानांत आणि लहान कार्यालयांत एकच प्रश्न पुढे आला. नवी प्रणाली घ्यावी का, आणि संगणक ती स्वीकारत नसेल तर तो मोडीत काढावा का? पडद्याकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. विंडोज ११मध्ये डोळ्यांना दिसणारे बदल मोजकेच आहेत. खरे काम पडद्याआड, सुरक्षिततेच्या रचनेत झालेले आहे. जुने संगणक अपात्र ठरतात तेही याच रचनेमुळे. म्हणून घ्यायचा निर्णयही ही रचना समजून घेऊनच घ्यावा लागतो.

देखभाल संपणे म्हणजे काय

कार्यप्रणाली हा कोट्यवधी ओळींचा आज्ञासंच असतो. एवढ्या मोठ्या रचनेत त्रुटी राहणे अटळ असते. संशोधकांना किंवा चोरट्यांना एखादी त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्ट तिच्यावर दुरुस्ती तयार करते आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्यांचा संच जगभर पाठवते. संगणक बंद करताना ‘अपडेट होत आहे’ असा जो संदेश दिसतो तो बहुधा या संचाचाच असतो. देखभाल संपली म्हणजे हा पुरवठा थांबला. संगणक चालत राहतो. मात्र यापुढे सापडणारी प्रत्येक त्रुटी त्यात कायमची उघडी राहते.

याचे परिणाम जगाने मे २०१७मध्ये पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांतील फाईल्स कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. देखभाल केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी तर ती मुळात दिलेलीच नव्हती. हल्ला झाल्यानंतर अपवाद म्हणून ती द्यावी लागली.

विंडोज १० वापरणाऱ्यांना काही गोष्टी यापुढेही मिळणार आहेत. डिफेंडर या अंगभूत विषाणूरोधकाला नव्या विषाणूंची ओळख पटवणारी माहिती ऑक्टोबर २०२८पर्यंत पुरवली जाईल. एज या ब्राउझरचे अपडेटही किमान तोपर्यंत येत राहील. मात्र ही दारावरच्या पहारेकऱ्याला दिलेली नवी छायाचित्रे झाली. भिंतीलाच पडलेली भेग त्याने बुजत नाही.

आवृत्त्यांचा हिशेब

विंडोज ११ पहिल्यांदा ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. त्यानंतर दरवर्षी उत्तरार्धात तिची एक आवृत्ती येते आणि नावातील पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. २४एच२ ही १ ऑक्टोबर २०२४ रोजी आली, तर २५एच२ त्यानंतरच्या वर्षी. या दोहोंतील नाते समजून घेतले तर बराच गोंधळ टळतो. मोठा पालट २४एच२मध्ये झाला. प्रणालीचा गाभाच तेव्हा बदलला. २५एच२ त्याच गाभ्यावर उभी आहे. तिच्यातील बहुतेक गोष्टी २४एच२च्या मासिक अपडेटमधून आधीच संगणकात उतरलेल्या असतात आणि एका लहानशा संचाने त्या जाग्या केल्या जातात. त्यामुळे २४एच२वरून २५एच२वर जाणे म्हणजे थोडे डाउनलोड आणि एकदा संगणक पुन्हा सुरू करणे, एवढेच.

मग ती घ्यायची कशासाठी? मुख्य कारण मुदत. घरगुती आणि प्रो प्रकारांत प्रत्येक आवृत्तीला चोवीस महिने देखभाल मिळते. २४एच२ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते, २५एच२ची १२ ऑक्टोबर २०२७ रोजी. आपल्याकडे विंडोज ११ आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनीही आवृत्तीचा आकडा पाहून घ्यायला हवा. २३एच२ची घरगुती मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपलेली आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि तेथे अबाउट उघडले की हा आकडा दिसतो.

डोळ्यांना दिसणारे बदल

विंडोज १०वरून येणाऱ्याला पहिल्या दिवशी जाणवते ते असे. स्टार्टचे बटण डावा कोपरा सोडून मधोमध आलेले असते. ते सेटिंग्जमधून पुन्हा डावीकडे नेता येते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातील मोठे करण्याच्या बटणावर बाण नेला की पडद्याचे दोन, तीन किंवा चार भाग करण्याचे आराखडे समोर येतात. एका बाजूला विवरणपत्र आणि दुसऱ्या बाजूला बँकेचा उतारा ठेवून काम करणाऱ्याला हा बदल उपयोगी पडतो. फाईल एक्सप्लोररमध्ये ब्राउझरसारखे टॅब आले आहेत, त्यामुळे चार फोल्डरांसाठी चार खिडक्या उघडाव्या लागत नाहीत. झिपखेरीज सेव्हन-झिप आणि टार या प्रकारांतील गठ्ठे वेगळा प्रोग्राम न घेता बांधता येतात. नोटपॅडला टॅब आणि इंग्रजी शुद्धलेखनाची तपासणी मिळाली, पेंटला चित्राचे थर मिळाले.

काही गोष्टी गेल्याही आहेत. वर्डपॅड हा साधा लेखनप्रोग्राम २४एच२पासून काढून टाकण्यात आला. ज्यांनी आपली पत्रे त्यात लिहून ठेवली असतील त्यांना ती वर्ड किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये उघडता येतील. फाईल्स जात नाहीत, त्या उघडणारा प्रोग्राम जातो. जुने मेल आणि कॅलेंडरही २०२४च्या अखेरीस बंद होऊन त्यांच्या जागी नवे आउटलुक आले. २५एच२मधून पॉवरशेल २.० आणि डब्ल्यूएमआयसी ही दोन जुनी साधने वगळली आहेत. सामान्य माणसाला त्यांची नावेही ठाऊक नसतात, पण हल्लेखोरांना मात्र ती चांगलीच परिचयाची होती.

या यादीत संगणक बदलावा इतके मोलाचे काही नाही, असे कोणी म्हटले तर त्याचे चुकत नाही. विंडोज ११चे मोल दुसरीकडे आहे.

पडद्याआडची तटबंदी

विंडोज ११च्या किमान अटींत ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण एवढेच मागितले आहे. दहा वर्षांपूर्वीचे पुष्कळ संगणक ते पुरवतात. अडते ते पुढच्या तीन अटींवर : टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर. इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर या यादीत येतात.

टीपीएम ही संगणकातील छोटी, स्वतंत्र तिजोरी होय. ती वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरच्या आतच बसवलेली असते. साठवणीला लावलेल्या कुलपाच्या किल्ल्या, बोटाच्या ठशाशी किंवा पिनशी जोडलेली गुप्त माहिती तिच्यात राहते. या किल्ल्या फाईलसारख्या उचलून नेता येत नाहीत, त्यामुळे संगणकात शिरलेल्या घुसखोराच्याही त्या सहज हाती लागत नाहीत.

सिक्युअर बूटचे काम त्याहून आधी सुरू होते. वीज चालू केल्यापासून विंडोज उभी राहीपर्यंतच्या काही क्षणांत जे प्रोग्राम चालतात त्यांवर अधिकृत सही आहे का, हे ते तपासते. या क्षणांत दबा धरून बसलेला विषाणू पुढे कोणत्याही विषाणूरोधकाला दिसत नाही, कारण तपासणारा जागा होण्यापूर्वीच त्याने घर ताब्यात घेतलेले असते. या सह्या पडताळण्यासाठी २०११ साली दिलेली प्रमाणपत्रे जून २०२६पासून कालबाह्य होऊ लागतात आणि नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधूनच येतात. अपडेट चालू ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘मेमरी इंटिग्रिटी’. प्रोसेसरच्या मदतीने संगणकाच्या आतच एक वेगळी बंदिस्त खोली तयार केली जाते. गाभ्यात चालू पाहणारा प्रत्येक प्रोग्राम या खोलीतून तपासला जातो. बाहेरची प्रणाली भ्रष्ट झाली तरी तपासनीस शाबूत राहतो. नव्या प्रोसेसरांत या कामासाठी खास सोय आहे. जुन्यांना तेच काम कसरत करून करावे लागते आणि संगणक मंदावतो. आठव्या पिढीच्या अटीमागील तर्काचा एक भाग येथे आहे.

गाभ्याच्या बांधणीतही बदल होत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने २०१९ साली सांगितले होते, की त्यांच्या उत्पादनांत नोंदल्या जाणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी संगणकाच्या स्मृतीची हाताळणी चुकल्याने उद्भवतात. सी आणि सी++ या जुन्या भाषांत अशी चूक सहज होते. रस्ट या नव्या भाषेत ती बहुतांशी प्रोग्राम लिहितानाच पकडली जाते. २४एच२च्या गाभ्यातील काही भाग रस्टमध्ये लिहिले गेले आहेत. प्रमाण लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

एक बदल मात्र लहान कार्यालयांना लगेच जाणवू शकतो. कार्यालयातील एका संगणकावरची फाईल दुसऱ्यावरून उघडताना जी देवाणघेवाण होते तिच्यावर सही असणे २४एच२च्या प्रो प्रकारात सक्तीचे झाले. पासवर्डविना ‘पाहुणा’ म्हणून आत शिरण्याची जुनी सवलतही बंद झाली. त्यामुळे नवी आवृत्ती चढवल्यावर कोपऱ्यातील जुना साठवण-डबा किंवा राउटरला जोडलेली हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी होऊ शकते. अशा वेळी संगणक बिघडला असे समजू नये. त्या उपकरणाचे अपडेट घेऊन त्यावर नाव आणि पासवर्ड लावणे हा योग्य उपाय होय; सुरक्षा सैल करून काम भागवणे नव्हे.

पडल्यावर उठण्याची सोय

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती काही तासांतच तयार झाली होती, पण ती घेण्यापुरताही संगणक उभा राहत नव्हता. प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवावा लागला.

त्या धड्यातून आलेली सोय म्हणजे ‘क्विक मशीन रिकव्हरी’. संगणक पुन्हा पुन्हा सुरू होण्यात अपयशी ठरला, तर तो दुरुस्तीच्या छोट्या प्रणालीत जातो, तेथून इंटरनेटला जोडला जातो आणि मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडावर उपाय प्रसिद्ध केला असेल तर तो स्वतःच उतरवून घेतो. घरगुती प्रकारात ही सोय मुळातच चालू असते. याच सुमारास निळ्या पडद्याची जागा काळ्या पडद्याने घेतली आणि त्यावरचा मजकूर कमी करून बिघाडाचे नाव ठळक करण्यात आले. ज्यांना त्या निळ्या रंगाची धास्ती बसली होती त्यांच्यासाठी एवढा एक बदल मात्र डोळ्यांना दिसणारा आहे.

कुलूप मजबूत, किल्ली कोणाकडे?

सुरक्षा वाढली की जबाबदारीही वाढते. २४एच२पासून नव्या संगणकावर किंवा कोऱ्या डिस्कवर विंडोज ११ बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की सारी साठवण आपोआप कूटबद्ध होते. ही गोष्ट आता घरगुती प्रकारातही घडते. संगणक चोरीला गेला तरी चोराला त्यातील छायाचित्रे, पॅन आणि आधारच्या प्रती, हिशेब यांपैकी काही वाचता येत नाही. पूर्वी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सारे उघडे पडत असे.

पण हेच कुलूप मालकालाही बाहेर ठेवू शकते. मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये फेरफार झाला किंवा संगणक नादुरुस्त होऊन डिस्क दुसरीकडे जोडावी लागली, तर प्रणाली ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू झाला त्या खात्यात जमा असते. आपल्याकडे पुष्कळदा नवा संगणक दुकानातील तंत्रज्ञ सुरू करून देतो. खाते कोणत्या ईमेलने उघडले, त्याचा पासवर्ड काय, हे मालकाच्या गावीही नसते. अशा संगणकातील वर्षांनुवर्षांची माहिती एका किल्लीअभावी कायमची हातची जाऊ शकते. मायक्रोसॉफ्टकडेही ती उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

म्हणून नवा संगणक घरी आणताना तो आपल्याच ईमेलच्या खात्याने सुरू करून घ्यावा. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास किल्ली कागदावर छापून घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी. विंडोज १०वरून थेट वर चढवलेल्या संगणकात ही कूटबद्धता सहसा आपोआप सुरू होत नाही. तरी खात्री करून घेणे बरे.

या संदर्भात ‘रिकॉल’चा उल्लेख आवश्यक आहे. पडद्यावर जे जे येते त्याची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन ठेवणारी आणि पुढे ती शोधू देणारी ही सोय मे २०२४मध्ये जाहीर झाली. छायाचित्रांतील मजकूर असुरक्षित पद्धतीने साठवला जातो हे संशोधकांनी दाखवून दिल्यावर टीका झाली आणि ती मागे घ्यावी लागली. एप्रिल २०२५मध्ये ती परत आली तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही, साठा कूटबद्ध असतो आणि तो पाहण्यासाठी चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन लागतो, अशी रचना झाली. शिवाय ती ‘कोपायलट प्लस’ या खास प्रकारच्या नव्या संगणकांपुरती आहे. जुन्या संगणकावर विंडोज ११ घेणाऱ्याला तिची चिंता करण्याचे कारण नाही.

जुन्या संगणकाचे काय करावे?

‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला म्हणजे तो लगेच टाकाऊ झाला, असे नाही. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे विनामूल्य साधन नेमकी कोणती अट अडते ते सांगते. प्रोसेसर यादीत असेल आणि केवळ टीपीएमची तक्रार असेल, तर पुष्कळदा ते प्रोसेसरमध्ये असते, फक्त बंद ठेवलेले असते. इंटेलच्या संगणकात ते पीटीटी या नावाने, तर एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने बायोसमध्ये आढळते. सिक्युअर बूटचेही तसेच. मात्र डिस्क जुन्या पद्धतीने विभागलेली असेल तर आधी ती बदलावी लागते. हे काम जाणकाराकडून आणि सर्व फाईल्सची प्रत बाहेर काढून ठेवल्यानंतरच करून घ्यावे. अस्सल विंडोज १० असलेल्या पात्र संगणकाला विंडोज ११ विनामूल्य मिळते आणि ती न रुचल्यास पहिल्या दहा दिवसांत मागे फिरता येते.

अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही भेटतात. तो मार्ग वेळ मारून नेण्याचा आहे. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप करायचा, तीच मग बेभरवशाची ठरते. फारच जुन्या प्रोसेसरांत तर २४एच२ला लागणाऱ्या काही मूलभूत आज्ञाच नाहीत. तेथे ही युक्तीही चालत नाही.

प्रोसेसरच अपात्र असेल तर पहिला पर्याय म्हणजे मुदतवाढ. विंडोज १०च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळू शकतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते आणि तीन वाटा आहेत : आपली सेटिंग्ज त्या खात्याशी जुळती ठेवावी, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण द्यावेत, किंवा ३० डॉलर अथवा तेवढी स्थानिक रक्कम भरावी. पहिल्या वाटेने काही खर्च येत नाही. एका परवान्यावर दहा संगणकांची नोंद होते. ही नोंदणी आपोआप होत नाही. विंडोज १०च्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ती स्वतः करावी लागते. विंडोज १० चालूच आहे म्हणजे दुरुस्त्याही येत असतील, ही समजूत सर्वांत घातक आहे. संस्थांसाठीची योजना वेगळी आहे. तेथे पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर पडतात, पुढे दरवर्षी दर दुप्पट होतो आणि तीन वर्षांनी योजना संपते.

दुसरा पर्याय लिनक्सचा. उबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंट २२ या विनामूल्य प्रणाली ४ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावर बऱ्यापैकी चालतात आणि उबुंटूच्या या आवृत्तीला २०२९पर्यंत देखभाल आहे. देवनागरी लेखनाची सोय तीत आहेच. ब्राउझर, पत्रव्यवहार, अभ्यास, चित्रफिती एवढेच काम असेल तर संगणकाला आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळते. गोव्याला ही कल्पना नवी नाही. या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेले वापरलेले संगणक येथील शाळांत लिनक्सवर चालवण्याचा प्रयोग झाला होता. मात्र टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले आहेत, आणि डिजिटल सहीची पेनड्राइव्ह, जुना छपाईयंत्र-चालक यांच्याबाबत आधी खात्री करावी लागते. हिशेबनीसाच्या टेबलावर म्हणून हा पर्याय सहसा बसत नाही. विद्यार्थ्याच्या टेबलावर तो सहज बसतो.

संगणक मोडीतच काढायचा ठरला तर त्याआधी विंडोजमधील रीसेटची सोय वापरून डिस्क पूर्ण पुसून घ्यावी. १ एप्रिल २०२३पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. यंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर टाकण्यापेक्षा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोहोचवणे केव्हाही श्रेयस्कर.

मराठी मजकूर जपताना

गोव्यातील पुष्कळ संगणकांत देवस्थानांचे इतिवृत्त, जत्रेच्या निमंत्रणपत्रिका, नाट्यसंहिता, मंडळांच्या स्मरणिका मराठीत साठवलेल्या आहेत. विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरीची सोय विंडोजमध्ये आहे. त्या पद्धतीने टंकलेला मजकूर कोणत्याही नव्या आवृत्तीत जसाच्या तसा वाचता येतो. जुना मंगल फाँट दिसेनासा झाला, तर सेटिंग्जमधील ऐच्छिक सोयींतून देवनागरीचे पूरक फाँट्स जोडावे लागतात. इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीप्रमाणेच आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू देणारा मराठी फोनेटिक कळफलक २०१९मध्ये विंडोज १०मध्ये आला आणि तो विंडोज ११मध्येही मिळतो.

अडचण येते ती युनिकोडपूर्व फाँट्समधील मजकुराची. तो वस्तुतः इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवून केलेला असतो. विशिष्ट फाँट नसेल तर संपूर्ण संहिता निरर्थक इंग्रजी चिन्हांच्या रूपात दिसते. त्यातच विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. डॉसच्या काळातील १६ बिटचे प्रोग्राम तीत मुळीच चालत नाहीत आणि ३२ बिटचे उपकरण-चालक चढत नाहीत. जुना हिशेबाचा प्रोग्राम, जुने अक्षरजुळणीचे पॅकेज, बारा वर्षांपूर्वीचा स्कॅनर यांवर काम चालत असेल, तर संगणक बदलण्यापूर्वीच या प्रत्येकाची नवी आवृत्ती आहे का ते पाहायला हवे. फाँटच्या फाईल्स वेगळ्या काढून ठेवाव्यात, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि शक्य तेथे पीडीएफ प्रतही करावी. जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम सोपे असते.

क्रम महत्त्वाचा

सर्व पर्यायांत एक पायरी समान आहे. विंडोज ११ घ्या, मुदतवाढ घ्या किंवा लिनक्सकडे वळा, सर्वप्रथम फाईल्सची एक प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून वेगळी ठेवायची. जोडलेली राहिलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्राम संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. त्यानंतर आपल्या आवृत्तीचा आकडा पाहायचा, पात्रता तपासायची आणि मग वाट निवडायची. पात्र संगणकाने विंडोज ११च्या २५एच२वर जावे. अपात्र घरगुती संगणकाने तूर्त मुदतवाढीची नोंदणी करून त्या अवधीत पुढची तजवीज करावी. दोहोंपैकी काहीच न करता विंडोज १०वर बँकेचे आणि कराचे व्यवहार चालू ठेवणे, हा मार्ग तेवढा टाळायला हवा. संगणक रोजच्यासारखाच सुरू होतो, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.